दोन पितळी बटणे आणि एक गाणे

दलित साहित्याच्या चर्चेत ‘कोण लिहितो’ हा प्रश्न आपण पुष्कळ घुसळला आहे. ‘कोण गातो, आणि गायलेले गाणे पुढे कोणाचे होते’ हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे राहिला. लिहिणाऱ्याचे नाव पुस्तकावर छापले जाते, म्हणून त्याची जात, त्याचा वर्ग, त्याची बाजू तपासता येते. गाणारीचे नाव कुठेच छापलेले नसते. ती दळत असते, कातत असते, निंदत असते. तिचे गाणे कोणी उचलले तर ते चोरीला गेले असेही कोणी म्हणत नाही. उलट ‘अमर झाले’ असे म्हणतात. या अमरपणाची तपासणी करावी म्हणून एका इंग्रजी गाण्याबद्दल मी लिहीत आहे. गाणे १७९९ सालचे आहे. विषय परका वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा. हे गाणे शेवटी माझ्या कल्याण पूर्वेच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचते.

प्रथम घटना सांगते. मंगो पार्क हा चोवीस वर्षांचा स्कॉटिश डॉक्टर. लंडनच्या ‘आफ्रिकन असोसिएशन’ या १७८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने त्याला नायजर नदीचा शोध घ्यायला पाठवले होते. जुलै १७९६ मध्ये तो सेगू या गावी पोहोचला. हे ठिकाण आजच्या माली देशात येते. नदीपलीकडे बांबारांचा राजा मॅन्सोंग राहत होता. या गोऱ्या माणसाचे येण्याचे कारण कळल्याशिवाय आपण त्याला भेटणार नाही, तोवर त्याने नदी ओलांडू नये, असा राजाने निरोप धाडला. रात्रीपुरते एका दूरच्या खेड्यात जाऊन राहावे, असे त्याला सांगण्यात आले. पार्क त्या खेड्यात गेला, तर तिथे त्याला कोणी दारात उभे करीना. दिवसभर तो एका झाडाखाली उपाशी बसून राहिला. संध्याकाळी वारा सुटला, पावसाची चिन्हे दिसू लागली, आसपास जंगली जनावरांची भीती. आता झाडावर चढून रात्र काढावी अशा विचारात तो होता. तेवढ्यात शेतातले काम आटोपून घरी निघालेली एक बाई थांबली. तिने त्याची विचारपूस केली, घोड्याचे खोगीर आणि लगाम उचलला आणि ‘माझ्यामागून ये’ म्हणाली. घरी नेऊन तिने दिवा लावला, चटई टाकली, निखाऱ्यावर मासा भाजून त्याला खाऊ घातला. मग घरातल्या बायकामुलींना तिने पुन्हा सूत कातायला बसवले. त्या रात्री बराच वेळ कातत राहिल्या आणि कातताना गाऊ लागल्या. एक तरुण मुलगी गाई, बाकीच्या तिला साथ देत. गाण्यातला एक विषय आपणच आहोत, हे पार्कला कळले. गाणे तिथल्या तिथे रचले जात होते.

त्या गाण्याचा आशय पार्कने आपल्या पुस्तकात शब्दशः भाषांतर म्हणून गद्यात दिला आहे. तो फार थोडा आहे. वादळवारा आणि पाऊस. झाडाखाली येऊन बसलेला थकलाभागला गोरा. त्याला दूध द्यायला जवळ आई नाही, दळून द्यायला बायको नाही. तेव्हा आपण त्याची कीव करू. एवढेच.

सकाळी निघताना पार्कने त्या बाईला आपल्या बंडीवर उरलेल्या चार पितळी बटणांपैकी दोन काढून दिली. देण्यासारखे दुसरे काही आपल्यापाशी नव्हते, असे तो सांगतो. माणूस प्रांजळ होता, यात शंका नाही.

ज्यांनी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचले आहे त्यांना इथे आपोआप दुसरे एक झाड आठवेल. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेतलेला एक तरुण बडोद्याच्या नोकरीवर हजर झाला. हिंदू खानावळीत त्याला जागा मिळणार नव्हती, म्हणून तो पारशी विश्रामगृहात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्याला तिथून हाकलण्यात आले. त्याने दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते पाच तास त्याने कामाठीबागेत काढले. सेगूच्या झाडाखालचा माणूस परका, परधर्मी, परभाषी, कोणी पाठवलेला हेर असेल असा संशय यावा असा. तरीही संध्याकाळी एक बाई थांबली. बडोद्याच्या बागेतला माणूस याच मातीतला, राज्याच्या नोकरीतला. पण त्याच्यासाठी त्या संध्याकाळी कोणी थांबले नाही. या दोन झाडांमधले अंतर आपल्या संस्कृतीच्या गोडव्यांनी भरून निघत नाही.

आता गाण्याकडे येऊ. पार्कचे प्रवासवर्णन १७९९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि झपाट्याने खपले. त्याच पुस्तकात त्या बायकांचे गाणे दुसऱ्यांदा येते. यावेळी पद्यात आणि सुरावटीसह. नाव दिले ‘अ नीग्रो साँग’. शब्द डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना हिचे, चाल जी. जी. फेरारी याची. हा फेरारी मूळचा इटलीचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला आणि उमरावांच्या घरांतून गाणे शिकवणारा संगीतकार. घरातल्या बैठकीच्या खोलीत एकीने पियानोवर बसावे आणि दुसरीने गावे, अशा प्रकारच्या गाण्यांचा तो काळ होता. आपल्याकडच्या भावगीताशी त्याची तुलना करायला हरकत नाही: निवडक शब्द, वाद्याची साथ, एक गळा आणि समोर बसून ऐकणारे सुसंस्कृत श्रोते.

डचेसने काय केले? वादळ, झाड, आई, बायको हे सर्व तिने ठेवले. यमके जुळवली, भाषा नितळ केली. इथवर भाषांतरकाराला जे स्वातंत्र्य असते तेवढेच तिने घेतले असे म्हणता येईल. पण शेवटी तिने एक नवा भाग जोडला. त्यात त्या बायका गोऱ्या माणसाला निरोप देतात आणि सांगतात की, जा, पण जाताना काळ्या माणसांची इच्छा, त्यांची प्रार्थना आणि त्यांनी घेतलेल्या काळजीची आठवण बरोबर घेऊन जा.

पार्कच्या गद्यात हे नाही. त्या बायकांनी त्याच्याकडे काही मागितले नव्हते. त्या देणाऱ्या होत्या. छप्पर त्यांचे, मासा त्यांचा, चटई त्यांची, दया त्यांची. दीन होता तो गोरा. त्याची आई जवळ नाही म्हणून हळहळणाऱ्या त्या बायका त्या रात्रीपुरत्या त्याच्यापेक्षा वरच्या जागी होत्या. जगाच्या इतिहासात त्या शतकात अशी रात्र विरळाच. लंडनच्या बैठकीत येईपर्यंत ही जागा उलटली. गाणे संपते तेव्हा गोरा माणूस उभा आहे, निघाला आहे. काळ्या बायका त्याच्याकडे काहीतरी मागत आहेत. दात्याचे याचक झाले, आणि तेही इतक्या गोड सुरात की कोणाच्या लक्षात येऊ नये.

डचेसच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ती कोणी दुष्ट बाई नव्हती. १७८४ च्या निवडणुकीत फॉक्सच्या प्रचारासाठी ती रस्त्यावर उतरली होती आणि त्यासाठी तिने अपमान सोसले होते. तो काळ गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचा होता. वेजवुडच्या कारखान्याने १७८७ साली काढलेल्या प्रसिद्ध पदकावर साखळदंडातला काळा माणूस एक गुडघा टेकून, हात जोडून, ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का’ असे विचारतो आहे. कूपर या कवीने १७८८ साली गुलामाच्या तोंडी घातलेले गाणे एका प्रचलित चालीवर लिहिले, ते लोकांनी गावे म्हणूनच. या सर्वांचा उपयोग झाला. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी नष्ट करणारा कायदा केला. जोतिरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या मागे चळवळीची ही सगळी परंपरा आहे. ती नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये.

पण उपकार मान्य करूनही चिकित्सा करता येते. त्या पदकावरचा माणूस उभा का नाही? गुलामाच्या वतीने बोलणाऱ्या या सगळ्या कलाकृतींत गुलाम विनंतीच का करतो? याच लंडनमध्ये १७८९ साली ओलाउडा इक्विआनो या पूर्वी गुलाम असलेल्या माणसाने आपले आत्मचरित्र स्वतः प्रसिद्ध केले होते. त्यात तो हिशेब मांडतो, साक्ष देतो, युक्तिवाद करतो. म्हणजे उभा राहिलेला माणूस शहरात हजर होता. तरीही बैठकीच्या खोलीला गुडघा टेकलेलाच जास्त आवडला. कारण गुडघा टेकलेल्याकडे पाहताना आपण चांगले आहोत असे वाटते. उभ्या राहिलेल्याकडे पाहताना आपल्याला उत्तर द्यावे लागते.

आणि ज्याने ती आठवण बरोबर न्यावी असे डचेसने गाऊन सांगितले, त्या पार्कने काय केले? १७९७ मध्ये तो परत फिरला तो गुलामांच्या एका तांड्याबरोबर चालत. किनाऱ्यावरून निघाला तोही गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजातून. त्या गुलामांबद्दल त्याने कळवळ्याने लिहिले आहे. पण व्यापार बंद करण्याचा प्रश्न आला तेव्हा, त्याचा आफ्रिकेत वाटतो तेवढा चांगला परिणाम होणार नाही, असे म्हणून तो बाजूला झाला. त्याचे पुस्तक तयार करायला मदत करणारा ब्रायन एडवर्ड्स हा जमेकातला मळेवाला आणि व्यापारबंदीचा विरोधक होता. म्हणजे आठवण पोहोचली, गाणे पोहोचले, बैठकीत डोळेही पाणावले असतील. निष्कर्ष मात्र पोहोचला नाही. करुणरसाची ही मर्यादा आहे. आपल्या समीक्षेने रसव्यवस्थेवर जो आक्षेप घेतला तो याच कारणासाठी. करुणरसात रडणारा रसिक रडून मोकळा होतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, तिच्याही पुढे जाऊन सर्व जिवांविषयीची ती मैत्री. ‘दया’ या शब्दाला आपल्याकडे वरून खाली पाहण्याची सवय लागली आहे. सेगूच्या त्या बाईने केले ते मैत्रीच्या अधिक जवळचे होते. राजाने ज्याला दूर ठेवले, गावाने ज्याला दार लावले, त्याला तिने घरात घेतले. तिच्या राज्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. सेगूचे ते राज्यही लढायांत माणसे पकडून विकत होते. पण त्या रात्रीपुरती ती बाई राज्याच्या बाजूने नव्हती. डचेसच्या गाण्याने या मैत्रीची दया केली आणि तिची दिशाही बदलली.

इथे कोणी विचारील की, डचेसला सुचले ते कडवे केवळ वर्गाच्या अहंकारातून सुचले का? मला वाटते, त्यात गाण्याच्या आकाराचाही हात आहे. कातताना, दळताना गायलेल्या गाण्याला शेवट नसतो. दळण संपले की गाणे थांबते. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. ओळीची लांबी जात्याच्या फेऱ्यावर बेतलेली असते. जात्याच्या तोंडात वैरण घालताना आवाज थोडा थांबतो, मध्ये ‘बाई’, ‘गं’ येऊन बसतात. एका ओवीचा दुसरीशी धागा असतोच असे नाही. भाऊ येतो, पाऊस येतो, सासू येते, पंढरी येते, भीमराव येतो. दळणारीला टाळ्या नको असतात, म्हणून तिला समारोप लागत नाही. बैठकीच्या गाण्याला मात्र समारोप लागतो. ऐकणारे समोर बसलेले असतात. शेवटी त्यांच्या हातात काहीतरी द्यावे लागते. वादळ, झाड, आई एवढ्यावर थांबून चालत नाही. तेव्हा एक शेवटचे कडवे येते, आणि ते गाणारीच्या बाजूने नव्हे, ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिले जाते. त्या कडव्यात ऐकणाऱ्याला हवे असते तेच येते.

चालीचेही तेच. गाण्याची चाल गोड आणि करुण होती, एवढेच पार्कने लिहून ठेवले. शब्द बांबारांच्या बोलीत काय होते ते त्याने दिले नाही. फेरारीने केलेली चाल त्याच्या इटालियन-इंग्रजी तालमीतली. म्हणजे भाषा गेली, चाल गेली, चातीची लय गेली. आशय तेवढा उरला, आणि तोही शेवटी फिरवला गेला. वर्गात हे गाणे शिकवताना टिटवाळ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, त्या बाईचं नाव काय होतं?” नाव नाही. राजाचे नाव आहे, शब्द रचणाऱ्या डचेसचे आहे, चाल लावणाऱ्याचे आहे. जिने दार उघडले आणि जिने गाणे रचले, त्या दोघींची नावे नाहीत.

हे सगळे दूर आफ्रिकेत घडत होते असे समजून आपण सुटू नये. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. लंडनच्या बैठकीत हे गाणे गायले जात होते तेव्हा ठाण्यात इंग्रजांचा अंमल होता आणि पुण्यात पेशव्यांचा. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी हा गवळी समाजातला शाहीर बाळा करंजकराच्या साथीने लावण्या गात होता. त्याची म्हणून ओळखली जाणारी ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी १९५१ साली ‘अमर भूपाळी’ चित्रपटाने घराघरांत नेली. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या, किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात भावगीते ऐकायला बसणाऱ्या रसिकाला ती पाठ असते. ऐकताना त्याला पेशवाईची मंगल पहाट दिसते. त्याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त नोंदवले आहे. भूपाळीचा गोडवा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण ती पहाट कोणाची होती हे गाण्याबरोबर पोहोचत नाही. जसे सेगूच्या बाईचे नाव पोहोचले नाही.

गाणे उचलताना ते मोडू न देणारेही झाले. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांची तोंडी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली होती. सोपानदेव स्वतः कवी होते. प्रमाण भाषेत त्यांना ती सहज ‘सुधारता’ आली असती. आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ साली संग्रह आला तो खानदेशी बोलीत आणि बहिणाबाईंच्या नावाने. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेमार्फत खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. आवाज, गाणारीचे नाव, गाव, जात, काम यांच्या नोंदीसह. गाणारीचे नाव लिहिणे ही साधी गोष्ट आहे. पण १७९९ मध्ये ती झाली नाही, आणि नंतरही किती वेळा झाली नाही याची गणती नाही.

इथवर मी डचेसचे दोष दाखवले. आता माझा सांगते, नाहीतर हे लेखन अप्रामाणिक होईल.

माझी आई जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन कल्याणला आली. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते. जाते गावीच राहिले, पण ओव्या तिच्याबरोबर आल्या. पहाटे चारला नळाला पाणी येई. हंडा भरेपर्यंत ती तोंडातल्या तोंडात गुणगुणत असे. घरात पहिली पदवी माझी, तीही इंग्रजीची. नोकरी लागल्यावर मला वाटले की, आपल्या आईचे हे धन वाया जाता कामा नये. मी तिच्या भीमरावाच्या ओव्या वहीत उतरवल्या. मग १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी वस्तीतल्या मंडळाला एक गीत हवे होते, तेव्हा त्यातल्या चार ओव्या घेऊन मी भीमगीत बांधले. हार्मोनियम-ढोलकीवर बसेल अशी चाल एका कलाकाराने लावली. ज्या कल्याणच्या मातीत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घुमला, वामनदादा कर्डकांची गाणी जिथे लोकांच्या ओठांवर आहेत, तिथे आपलेही एक गाणे वाजावे, हा मोह लहान नव्हता.

मी काय काय बदलले त्याचा हिशेब देते. आईच्या ओवीत बाबासाहेब ‘तू’ होते. माहेराहून मुराळी यावा तसा तो येतो, ती दार झाडते, पाट मांडते, त्याला बस म्हणते. मी ‘तू’चे ‘आपण’ केले. तिचे ‘बाई’, ‘गं’ काढून टाकले, कारण ते ठेक्यात बसेनात. आणि शेवटी एक कडवे जोडले. त्यात आम्ही रंजलेगांजलेले लोक बाबासाहेबांना विनवतो की, पुन्हा या, आम्हाला विसरू नका, आमचा हात धरा. कडव्याच्या अखेरच्या ओळीत माझे नाव घातले. वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो, त्या परंपरेला धरून. पण ज्या माणसाचे नाव व्यवस्थेने पुसले होते त्याने ते आपल्या रचनेत कोरणे निराळे, आणि दुसरीच्या रचनेवर मी माझे कोरणे निराळे. हे मला तेव्हा सुचले नाही.

स्पीकरवर गाणे वाजले. लोकांना आवडले. आई पुढच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “चांगलं झालं. पण ते माझं न्हाई.”

मी म्हटले, “तुझ्याच तर ओव्या आहेत.”

“वरच्या माझ्या. शेवटचं कुणाचं हाय? म्या त्येला काई मागितलं नव्हतं. तो माझ्या घरी आला, म्या त्येला बसाय टाकलं. पावण्याला कुणी मागतं का?”

मी गप्प बसले. डचेसचे गाणे मी तोवर वाचलेले नव्हते. दोन वर्षांनी अठराव्या शतकाचे इंग्रजी काव्य शिकवायची वेळ आली, तेव्हा पार्कच्या पुस्तकात एकामागे एक ते गद्य आणि ते पद्य वाचले आणि आईचे वाक्य आठवले. आमच्या दोघींत दोनशे वर्षांचे, समुद्राचे आणि वर्गाचे अंतर आहे. ती उमरावीण, मी चाळीतली. तरीही आम्ही एकच कडवे लिहिले. का? तिला काळ्या बायकांनी मागावे असे वाटत होते, हे समजू शकते. मला माझ्या आईने मागावे असे का वाटले?

याचे उत्तर मला सुखाचे नाही. शिक्षणाने मला लेखणी दिली, आणि लेखणीबरोबर ऐकणाऱ्याची खुर्चीही दिली. दलित स्त्रीचे गाणे म्हणजे हात पसरलेले गाणे, हे चित्र मी कुठल्या तरी पुस्तकातून, कुठल्या तरी रंगमंचावरून उचलले होते. माझ्या आईच्या ओवीत हात पसरलेला नव्हता. तिथे एक बाई आपल्या घरात उभी आहे आणि जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसाला भाऊ म्हणून पाट मांडते आहे. ज्यांना कोणी घरात घेत नव्हते त्यांच्यातल्या बाईने ‘माझ्या घरी ये’ म्हणणे, यापेक्षा मोठा विद्रोह कोणता? माझ्या कडव्याने तो मऊ केला. आपल्यातलेच लोक, आपल्याच प्रेमापोटी, हे करू शकतात. म्हणून बाहेरच्यांची चिकित्सा करून आपले काम संपत नाही.

पार्कच्या पुस्तकाची एक गोष्ट मात्र मला मानावी लागते. त्याने शब्दशः गद्यही छापले आणि डचेसचे पद्यही छापले. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, म्हणूनच आज आपल्याला भेसळ पकडता येते. वस्त्यांतून, खेड्यांतून गाणी गोळा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे. गीत बांधायचे तर जरूर बांधावे, जलशाची आपली परंपराच ती आहे. पण मूळ ओवी जशी आहे तशी, तिच्या ‘बाई’ आणि ‘गं’सकट, आधी उतरवावी आणि शेजारी ठेवावी. आवाज ध्वनिमुद्रित करावा, कारण चाल कागदावर उतरत नाही. गाणारीचे नाव, गाव, काम लिहावे. आपण काय जोडले ते सांगावे. आणि जोडण्यापूर्वी तिला विचारावे.

पुढच्या १४ एप्रिलला मी शेवटचे कडवे काढून टाकले. ‘आपण’ जाऊन ‘तू’ परत आला. माझे नाव काढले आणि निवेदकाला आईचे नाव सांगायला लावले. आईला तेही पटले नाही. म्हणाली, “माझं एकलीचं कुठं हाय? समोर बसणारीनं निम्मं म्हनलं हाय. तिचं नाव कोन घेणार?” समोर बसणारी म्हणजे तिची चुलत जाऊ, गावी वारली. जात्याचा दुसरा हात तिचा होता.

यावर्षीपासून आम्ही दोघींची नावे घेतो. गाणे आता शेवटाला येऊन संपत नाही, मध्येच थांबते. पहिल्या वेळी ढोलकीवाल्याला ते अडचणीचे झाले. तिहाई कुठे घ्यावी ते त्याला कळेना. आता त्याला सवय झाली आहे.